बाईंचं रिकामं स्टूल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी बाईंचं नाव घेतो. "आई-बाप राहिले बाजूला," असं माझा थोरला भाऊ चिडून म्हणतो. वडील त्याला गप्प करतात. "आपण त्याला शाळंत घातलं. वाचायला त्या बाईनं शिकिवलं," असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः अंगठा उठवतात, पण हा फरक त्यांना बरोबर कळतो.

बाई आम्हाला लातूरच्या नर्सिंग कॉलेजात संशोधन हा विषय शिकवायच्या. बाकी सगळ्या शिक्षिकांना आम्ही मॅडम म्हणायचो. यांना पहिल्या दिवशी कुणीतरी तसं म्हटलं, तेव्हा खडूचे हात झटकत त्या म्हणाल्या, "मॅडम साडीच्या दुकानात. इथं बाई." तेव्हापासून त्या बाई. उंच, हडकुळ्या, बारीक काठाची सुती साडी, आणि पायात कायम रबरी सपाता. वॉर्डात चपलेचा आवाज आला तर झोपलेला रोगी उठतो, म्हणून त्यांनी आयुष्यात कधी टाचेची चप्पल घातली नाही. प्राचार्यांच्या मुलाच्या लग्नातही त्या सपाता घालूनच जेवायला बसल्या होत्या.

त्यांच्या पदराला एक लाकडी चिमटा लावलेला असायचा, दोरीवर कपडे वाळत घालतात तसला. नव्या मुलामुलींना वाटायचं, घाईत काढायचा राहिला. पण तो चिमटा हे त्यांचं मुख्य अवजार होतं. शनिवारी दुपारी आमचा जर्नल क्लब असायचा. म्हणजे कुणीतरी एकानं नर्सिंगच्या मासिकातला एखादा शोधलेख वाचून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी तो कितपत धरून चालण्यासारखा आहे ते तपासायचं. लेख आला की बाई त्याचं सार सांगणारं पहिलं पान आणि निकालापासूनची पुढची सगळी पानं दुमडून त्यांना चिमटा लावायच्या. उरायची ती मधली पानं: अभ्यास कसा केला, कुणावर केला, मोजलं कुणी, ते सांगणारी. वाचणाऱ्यानंही निष्कर्ष आधी बघायचा नाही, असा नियम होता.

"निष्कर्ष म्हणजे नवरदेवाच्या मामानं केलेलं नवरदेवाचं कौतुक," त्या म्हणायच्या. "ते आधी ऐकलं की माणूस चौकशी करत न्हाई. आपल्या बहिणीला स्थळ आलं तर काय करता? पोरगा काय करतो, कुणाच्या ओळखीनं आलं, आधीची बायको हाय का, असली तर का सोडून गेली? हेच कागदाला विचारायचं. सोडून गेलेल्यांचं तर आधी विचारायचं."

सोडून गेलेल्यांवर त्यांचा भारी जीव. प्रत्येक अभ्यासात काही रोगी मध्येच गळतात आणि काहींना मुळातच घेतलेलं नसतं. या सगळ्यांसाठी बाईंनी वर्गात फळ्याजवळ एक स्टीलचं स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर कुणी बसायचं नाही. एकदा मोबाईलवर रोज संदेश पाठवल्यानं साखरेचे रोगी पायांची काळजी नीट घेतात, असं सांगणारा लेख निघाला. आम्ही खूश. बाईंनी स्टूल पुढं ओढलं आणि रिकाम्या जागेकडं हात करून म्हणाल्या, "ही आमच्या उदगीरची म्हातारी. साखर हाय, पायाला जखम हाय, मोबाईल पोराच्या खिशात हाय, आणि पोरगं पुण्याला हाय. यांनी हिला घेतलंच न्हाई. आता हिला काय सांगता?"

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "पोराला पुण्याहून बोलवा." सगळे हसले. बाईही हसल्या, पण स्टूल तासभर तिथंच राहिलं, आणि तास संपेपर्यंत आम्हाला ती म्हातारी खरोखरच दिसायला लागली होती.

मी लोह्याजवळच्या खेड्यातून आलेला. बारावीपर्यंत मराठी शाळा. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, आणि "पोरगं शिकून नर्स झालं" म्हणून पारावर चेष्टा व्हायची ती वेगळीच. इंग्रजी लेख हातात आला की मी पहिल्याच ओळीला अडायचो. पहिल्या महिन्यात मी बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं, की मला हा विषय जमणार नाही, शब्द कळत नाहीत.

"डिक्शनरी हाय?"

"आहे."

"मग शब्द कळतील. इंग्रजी येत न्हाई म्हणून फसणारे थोडे असतात रे. इंग्रजी येतं म्हणून फसणारे लई बघितले मी. तू सावकाश वाचतोस, ते बरं हाय. रोज माझ्यासमोर बसून एक पान वाचायचं."

त्यांच्या खोलीत पंख्याखाली बसून मी ते एकेक पान वाचलं. चहा त्या स्वतः करायच्या, फार गोड, आणि मी अडलो की अर्थ सांगायच्या नाहीत. डिक्शनरी माझ्याकडं सरकवायच्या. माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीचा पाया त्या पानांवर आहे.

चाचणी परीक्षेत त्या एक तरी प्रश्न असा घालायच्या की दिलेल्या लेखातून त्याचं उत्तर निघतच नाही. पहिल्यांदा आमच्यातल्या हुशार मुलीनं त्या प्रश्नाला सुंदर अक्षरात पानभर उत्तर लिहिलं. बाईंनी त्यावर उभी रेघ मारली. मी घाबरत घाबरत लिहिलं होतं, "या लेखावरून सांगता येत नाही." मला पूर्ण गुण मिळाले. मला वाटलं, सोपी युक्ती सापडली. पुढच्या वेळी दोन प्रश्नांना तेच लिहिलं आणि दोन्हीकडं शून्य मिळालं.

"न वाचलेल्याचं 'सांगता येत नाही' निराळं," बाई म्हणाल्या, "आणि वाचलेल्याचं निराळं. का सांगता येत न्हाई ते लिही, मग गुण माग."

आता त्या शनिवारबद्दल सांगतो.

लातूर जिल्ह्यात बाईंचं नाव संशोधनापेक्षा जास्त होतं ते पाठीच्या मालिशीसाठी. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या कंबरेवर, माकडहाडावर आणि टाचांवर दाब पडून तिथली कातडी लाल होते, पुढं फुटते आणि जखम होते. ते होऊ नये म्हणून लाल झालेल्या जागेवर स्पिरिट लावून गोल गोल चोळायचं आणि वर पावडर टाकायची, असं पूर्वी सगळीकडं शिकवत. बाईंनी तर ते कितीतरी बॅचना शिकवलेलं. त्यांचा तळवा कसा फिरतो ते पाहायला बाकीच्या शिक्षिकाही येत. प्रात्यक्षिकाच्या खोलीत, बाहुल्याच्या पलंगाशेजारी, स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा कायम ठेवलेले असत, आणि त्या खोलीला त्यांचाच वास यायचा.

माझी पाळी होती. मी मासिकांच्या गठ्ठ्यातून अंथरुणाच्या जखमांवरचा एक लेख निवडला. कारण सांगायला लाज वाटते, पण तो सगळ्यांत पातळ होता. नेहमीप्रमाणे बाईंनी न वाचता दोन्हीकडची पानं दुमडून चिमटा लावला. अंथरुणाला खिळलेल्यांची कातडी कशी जपावी, यावर आधी झालेले अभ्यास कुणीतरी गोळा करून तपासले होते. मी मधली पानं वाचून दाखवली. कुठले अभ्यास घेतले, कुठले का सोडले, दोघांनी वेगवेगळं तपासून मग कसं ताडून पाहिलं, हे सगळं नीट लिहिलेलं होतं. बाई डोळे मिटून मान हलवत होत्या.

"चांगलं घर दिसतंय," त्या म्हणाल्या. "काढा चिमटा."

चिमटा काढायचा मान त्या दिवशीच्या वाचणाऱ्याचा. मी काढला, पान उलटलं आणि वाचायला लागलो. लेखात बाकी बरंच होतं, पण एक वाक्य सरळ होतं: हाडावरची कातडी लाल झाली असेल तर ती चोळू नये. आतल्या नाजूक भागाला आधीच मार लागलेला असतो, चोळल्यानं तो वाढू शकतो.

बाई म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं.

मग त्या उठल्या आणि त्या लेखावर तुटून पडल्या. तसं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. हे अभ्यास किती जुने? रोगी किती? कुठल्या देशातले? तिथल्या गाद्या कशा? चोळणारे शिकलेले होते का? लाली मोजली कशी, दाबून पांढरी होते का ते पाहिलं का? त्यांनी स्टूल ओढलं, ढकललं, परत ओढलं. मी पानं उलटून सापडेल ते उत्तर देत होतो. काही प्रश्नांना लेखात उत्तर होतं, काहींना अर्धवट. लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं की पुरावा थोडा आहे, पण जो आहे तो चोळण्याच्या बाजूचा नाही.

शेवटी बाई खाली बसल्या. त्या स्टूलावरच बसल्या. त्या स्टूलावर कुणी बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

"मी याला पाडायला बघून राहिले," त्या म्हणाल्या, "आणि ह्यो पडंना." मग चिमटा परत पदराला लावत म्हणाल्या, "अजून एक सांगते, लिहून घ्या. यानं माझ्या मनासारखं सांगितलं असतं, तर मी एवढे प्रश्न विचारले असते का? न्हाई विचारले असते. चोळा म्हणाला असता तर मी चहा मागवला असता. जो निष्कर्ष आपल्याला आवडतो, त्याला दुप्पट प्रश्न विचारायचे."

मग त्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत गेल्या, बाहुल्याजवळची स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा उचलला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मला वाटलं, झालं. पण बाईंना एवढ्यावर चैन पडणारं नव्हतं. पुढच्या रविवारपासून त्या एसटीनं हिंडायला लागल्या. जिथं जिथं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी नोकरीला होत्या, त्या दवाखान्यात जायचं आणि सांगायचं, मी शिकवलेलं चोळणं सोडा. रेणापूर झालं, उदगीर झालं. कॉलेजात कुजबुज सुरू झाली. एक शिक्षिका म्हणाल्या, "बाई, पत्रक काढलं असतं की कॉलेजनं. एवढं उन्हातान्हात फिरायचं काय?"

"शिकवताना पत्रक न्हाई काढलं," बाई म्हणाल्या. "हात धरून शिकवलं. आता हात धरूनच सोडवावं लागंल."

एका रविवारी त्या लोह्याला निघाल्या, आणि माझं गाव त्याच वाटेवर म्हणून मी सोबत गेलो. तिथल्या दवाखान्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी इन्चार्ज सिस्टर होती, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. बाईंना पाहून आधी ती पाया पडली, चहा सांगितला. मग बाईंचं म्हणणं ऐकलं आणि भडकलीच.

"बाई, आमी इतकी वर्सं चोळून राहिलो, अन् आता म्हनता चोळू नका? कुनी शिकिवलं होतं हे?"

"मीच."

"मग?"

"म्हणून तर मीच आले. दुसरं कुणी सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस का?"

"न्हाई ऐकलं असतं," सिस्टर म्हणाली. मग जरा नरमून म्हणाली, "बाई, पर रोग्याला बरं वाटतं हो चोळल्यावर. नातेवाईक म्हनतील, सिस्टर हात बी लावंना झाली. त्येंला काय सांगू?"

बाई वॉर्डात गेल्या. कोपऱ्यातल्या कॉटवर लकवा झालेली एक म्हातारी कुशीवर झोपली होती आणि तिची सून तेलाचा हात घेऊन कंबर चोळत होती. बाईंनी सुनेचा हात हळूच धरला. लाल जागेवर बोट दाबून उचललं आणि सिस्टरला दाखवलं. लाली गेली नाही, तशीच राहिली. "बघ. आत मार लागलाय," त्या म्हणाल्या. मग सुनेचा तळवा त्यांनी उचलून लाल जागेपासून दूर, म्हातारीच्या खांद्यावर ठेवला.

"इथं हात ठेव पोरी. चोळू नको. नुसता ठेव. आणि दर थोड्या वेळानं कूस बदल. हात ठेवायला कुठल्याच कागदाची ना न्हाई."

म्हातारीनं डोळे उघडले आणि परत मिटले. आम्ही निघालो तेव्हा तिनं ट्रॉलीवरची स्पिरिटची बाटली खालच्या कप्प्यात सरकवलेली मी पाहिली.

परतीच्या एसटीतून मी मध्येच माझ्या गावाला उतरणार होतो, पण उतरलो नाही. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझी अव्वा चार वर्षं अंथरुणावर होती. उदगीरच्या घरी." आईला त्या अव्वा म्हणत. "सकाळ-संध्याकाळ मी चोळायचे. लोक म्हणायचे, पोरगी असावी तर अशी. तरी पाठ फुटली. त्या जखमेनंच गेली."

कंडक्टर तिकिटं विचारत आला, तेव्हा मी माझं तिकीट लातूरपर्यंत वाढवून घेतलं.

पुढं माझं शिक्षण संपलं, नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्या पगारात वडिलांना धोतरजोडी आणि बाईंना नवी डिक्शनरी घेतली. त्या म्हणाल्या, "मला कशाला? अडतोस तू." आणि ती मलाच परत दिली. त्या निवृत्त होऊन उदगीरला राहायला गेल्या. आमच्या वॉर्डात नवं काही सुरू करायचं निघालं, औषध कंपनीचा माणूस गुळगुळीत कागद घेऊन आला, की मी त्याला म्हणतो, मधली पानं द्या. तो जरा गोंधळतो. वॉर्डातल्या पोरी हसतात. माझ्या टेबलाजवळ एक स्टूल रिकामं असतं, हे त्यांना आता सवयीचं झालं आहे.

यंदा पावसाळ्याच्या आधी कळलं की बाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं तरी चालणं जमत नाही. मी उदगीरला गेलो. भाची त्यांचं सगळं करते. बाई पलंगावर, आणखी वाळलेल्या, डोळे मात्र तेच. उशाला दोरीवर चादर अडकवली होती, तिला तो लाकडी चिमटा.

"बरं झालं, तुला बोलवायच्या आधीच आलास," त्या म्हणाल्या. भाचीला त्यांनी चहाला पाठवलं. मग सरळ विचारलं, "अव्वाची पाठ माझ्या हातानं फुटली का रे?"

मी म्हणालो, "नाही बाई, असं कसं—"

"थांब." त्यांनी हात वर केला. वर्गात करायच्या तसाच. "तोंडाला आलं ते बोलू नकोस. माझी समजूत घालायला लई जण येतात. तू तो लेख परत वाच. त्यानंतरचं काही आलं असंल तर तेही वाच. मग मला लिहून कळव. चिमटा लावून वाच."

चहा आला. फार गोड होता. त्यावर आम्ही लोह्याच्या सिस्टरच्या बदलीबद्दल बोललो.

मी वाचलं. सुट्टी घेऊन वाचलं. मग हे पत्र पाठवलं.

ती. बाईंना सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं वाचलं. तो जुना लेख परत वाचला, नंतरचं जे मिळालं ते वाचलं, आधी मधली पानं, मग बाकीची. लाल जागा चोळू नये, हे आजही तसंच उभं आहे. त्यात बदल नाही. तुम्ही रविवारी हिंडून जे सोडवलंत, ते बरोबरच सोडवलंत.

आता तुमचा प्रश्न. अव्वाची पाठ तुमच्या हातानं फुटली का? बाई, या कागदांवरून सांगता येत नाही.

का, ते लिहितो, नाहीतर तुम्ही शून्य द्याल. यातले रोगी दवाखान्यातले आहेत. घरी, लेकीच्या हाताखाली चार वर्षं पडून असलेली म्हातारी मला एकाही अभ्यासात सापडली नाही. अव्वा किती खायची, अंगात रक्त किती होतं, गादी कसली होती, रात्री कूस कोण बदलायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. चोळल्यानं धोका वाढू शकतो, एवढं कागद सांगतो. तो पुष्कळ जणांबद्दल सांगतो, एकीबद्दल नाही. चोळलं नसतं तर ती राहिली असती का, हे त्याला माहीत नाही. तुम्ही रोज पाठ उघडून पाहत होतात म्हणून ती चार वर्षं टिकली का, हेही माहीत नाही. दोन्हीकडचं सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, याला हेच उत्तर हवं होतं, म्हणून हेच निघालं. हवंच होतं. म्हणून तुमच्या नियमानं याला दुप्पट प्रश्न विचारले. माझ्या वॉर्डातल्या एका सिस्टरला, तुमचं नाव न सांगता, सगळे कागद दिले आणि म्हटलं, माझं म्हणणं पाडून दाखव. ती आठवडाभर लढली. तिला चोळणारा हात निर्दोष आहे असं सिद्ध करता आलं नाही, दोषी आहे असंही नाही. यापेक्षा जास्त दिलासा माझ्याजवळ नाही, आणि खोटा दिलेला तुम्ही घेणार नाही.

वॉर्डातल्या माझ्या रिकाम्या स्टूलावर आतापर्यंत कुणीही असायचं, तो तो लेख असेल तसं. आता तिथं अव्वा असते. ज्यांना कुणी मोजलं नाही त्यांच्यात ती बसली आहे, आणि तिच्याबद्दल खात्रीनं बोलायचा हक्क कुणालाच नाही. तुम्हालाही नाही, बाई.

भाचीला सांगा, टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी द्या. रविवारच्या पहिल्या गाडीनं मी येतो. तुमची पाठ मी स्वतः बघीन. चोळणार नाही. हात ठेवीन.

तुमचा विद्यार्थी